डबा रिकामा परत करू नये



ऑस्ट्रेलियात नवीन आलेल्या बहुतेकांचा एक 'ब्रिंग अ प्लेट' किस्सा असतो. माझाही आहे. ऑफिसातल्या एकाने घरी बार्बेक्यूला बोलावलं आणि खाली हे तीन शब्द लिहिले. मला वाटलं, बिचाऱ्याकडे प्लेट्स कमी असतील! इमानेइतबारे दोन रिकाम्या प्लेट्स घेऊन गेलो. प्लेट म्हणजे सगळ्यांत वाटून खायचा पदार्थ, हे तिथे पोचल्यावर कळलं. असो.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाईनजवळ राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर माल्टाहून आलेली बरीच कुटुंबं या बाजूला स्थायिक झाली. शेजारच्या आजी त्यांच्यातल्याच. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच असतात. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात कुंपणावरून लिंबांची पिशवी आली. इथे मागच्या अंगणात लिंबाचं झाड असतंच, आणि हिवाळ्यात ते असं लगडतं की वाटल्याशिवाय संपत नाही. बायकोने डबाभर शंकरपाळे पाठवले. चार दिवसांनी डबा परत आला तो गरम पास्टिट्सी भरून (रिकोटा चीज घातलेली माल्टी खारी म्हणा ना!). शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, असं आई म्हणते. माल्टातही तोच नियम असावा.

आम्ही दोघं ऑफिसला. त्यामुळे बुधवारी कचऱ्याची गाडी गेली की आजी स्वतःच्या बिनबरोबर आमचाही बिन आत ओढून ठेवत. आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी परतलो तर दोन्ही बिन रस्त्याच्या कडेलाच. बायको म्हणाली, "जाऊन बघ ना जरा." मी म्हटलं, "दमल्या असतील. उगाच कशाला, इथे लोकांना प्रायव्हसी लागते." दोन्ही बिन आत ठेवले आणि झोपलो.

सकाळी मात्र राहवलं नाही. दार वाजवलं. आतून अगदी बारीक आवाज आला. लगेच ट्रिपल झिरोला फोन केला. आजी आदल्या दुपारी स्वैपाकघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. अख्खी रात्र त्या थंडगार फरशीवर होत्या, आणि मी भिंतीपलीकडे 'प्रायव्हसी' जपत होतो.

याच मेलबर्नमध्ये २००३ साली एक वृद्ध बाई घरात मृतावस्थेत सापडल्या. मृत्यू होऊन दोन वर्षं उलटली होती, कुणालाच पत्ता नव्हता. ती बातमी वाचून अँड्र्यू हेसलॉप या गृहस्थाने 'नेबर डे' सुरू केला. मार्चच्या शेवटच्या रविवारी शेजाऱ्याची चौकशी करायची, एवढंच. मला पूर्वी वाटायचं, शेजाऱ्याशी बोलायला दिवस कशाला लागतो? आता नाही वाटत.

आजींची मुलगी पर्थला असते, विमानाने चार तास. रात्री पोचली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझे आभार मानता मानता रडायला लागली, "मी इथे असायला हवं होतं." काय बोलणार? माझी आई सांगलीला एकटी आहे.

घरी आल्यावर सांगलीच्या शेजारच्या काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, आईकडे जरा लक्ष असू द्या." काका हसले. म्हणाले, "अरे, तिच्या दारातली दुधाची पिशवी सातपर्यंत आत गेली की नाही, हे मी रोज बघतो. तू गेल्यापासून बघतोय." मला अकरा वर्षांत हे माहीतच नव्हतं.

आजी आता काठी घेऊन हिंडतात. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते, मुलीचा नंबर फ्रीजवर लावलाय. बिन मी ओढतो. पास्टिट्सी सुरू आहेत :-)

मंडळी, तुमच्या शेजाऱ्याचा फोन नंबर आहे ना तुमच्याकडे? नसेल तर आजच घ्या. जाताना डबा घेऊन जा. भरलेला.