टाकी आणि ॲव्हरेज

बंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बोम्मसंद्रा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो रेल्वे येथपर्यंत पोहोचली आणि कामगारांची ये-जा सुकर झाली. तथापि यंत्रांचे सुटे भाग, खोकी, जेवणाचे डबे यांची ने-आण करण्यासाठी लहान वाहनेच लागतात. जुनी व्हॅन हे अशा कामाचे परिचित वाहन होय. १९८४ साली बाजारात आलेली मारुती व्हॅन पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सुमारे ३५ लिटरची टाकी असलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ साली थांबले. तरीही अनेक लहान व्यावसायिकांचा चरितार्थ अशा गाड्यांवर चालतो.

अशा गाडीविषयी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात : टाकी किती लिटरची? आणि गाडी ॲव्हरेज किती देते? हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, असा समज आढळतो. परंतु तो बरोबर नाही. टाकीच्या क्षमतेवरून पेट्रोल किती मावते ते कळते. ॲव्हरेजवरून एका लिटरमध्ये गाडी किती धावते ते कळते. टाकी मोठी असली म्हणून खर्च कमी होत नाही. केवळ पंपावरच्या फेऱ्या कमी होतात.

ॲव्हरेज अंदाजाने सांगू नये, मोजावे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि गाडीतील किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. काही दिवसांनी त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरावी. समजा, पहिला आकडा ४८,२०० होता, दुसरा ४८,४१० झाला आणि या वेळी १५ लिटर पेट्रोल लागले. २१० किलोमीटरांस १५ ने भागल्यास ॲव्हरेज १४ येते. ३५ लिटरांपैकी ५ लिटर राखीव ठेवले, तर उरलेल्या ३० लिटरांत गाडी ४२० किलोमीटर जाईल. बोम्मसंद्राहून कोल्हापूर सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. म्हणजे वाटेत पेट्रोल भरणे अटळ आहे.

आता याच गाडीचे ॲव्हरेज १४ वरून १२ वर आले, असे मानू. रोज ८४ किलोमीटर धावताना पूर्वी ६ लिटर पेट्रोल लागे, आता ७ लिटर लागेल. महिन्याचे २५ दिवस काम आणि लिटरला १०० रुपये दर धरल्यास महिन्याला २,५०० रुपये अधिक जातील. हे नुकसान रोज थोडे थोडे होते, म्हणून ते सहज ध्यानात येत नाही. चाकांत हवा कमी असणे, एअर फिल्टरमध्ये धूळ साचणे, ब्रेक चिकटणे, कार्बोरेटर बिघडणे, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी बहुतेक दोष थोड्या खर्चात दूर होतात.

कधी कधी ३५ लिटरच्या टाकीत ३७-३८ लिटर पेट्रोल गेल्याचे दिसते आणि पंपावर भांडण होते. परंतु तेवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते, म्हणून टाकीत मोकळी जागा ठेवलेली असते. ही जागा आणि भरण्याची नळी सांगितलेल्या क्षमतेत सहसा धरत नाहीत. गळ्यापर्यंत पेट्रोल भरल्यास ते यापेक्षा अधिक मावते. मात्र तसे भरणे धोक्याचे आहे. मापाविषयी शंका असल्यास वाद घालण्याऐवजी पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणीची मागणी करावी. तो ग्राहकाचा हक्क आहे.

वहीतील दोन आकडे आणि एक भागाकार एवढेच या हिशोबाचे साधन आहे. तो नियमित ठेवणाऱ्या चालकाला गाडीतील बिघाड लवकर कळतो आणि त्याच्या कष्टाची कमाई धुरावाटे वाया जात नाही.