भिंतीतली ओल कुणाच्या खात्यात?

पुण्याजवळच्या लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं आहेत, त्यामुळे आसपास भाड्याच्या फ्लॅटना मागणी असते. उन्हाळ्यात घर पाहायला जावं तर भिंती खडखडीत कोरड्या. मुळशीचा पाऊस लागला की कोपऱ्यात ओल उतरते, पोपडे सुटतात, आणि घर सोडताना तो खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापला जातो.

‘घर सोडताना बघू की,’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. सोडतानाची पाहणी ताडून बघायची तर पहिल्या दिवसाची नोंद हवी. सामान आत येण्याआधी खोलीवार यादी करावी: नळ, गिझर, पंखे, खिडक्यांच्या कड्या, फरशीचे तडे, किल्ल्या किती, महावितरणच्या मीटरचं रीडिंग. दोघांच्या सह्या घ्याव्यात, फोटो एकमेकांना पाठवावेत. ‘खिडकी खराब’ असं मोघम लिहून भागत नाही. ‘बेडरूमची काच तडकलेली’ असं लिहावं.

‘रंगाचे पैसे कापायचेच असतात,’ असंही सर्रास सांगतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, भाडेपट्ट्यापुरतं का होईना, नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक व्यवहार लिव्ह अँड लायसन्सचे. तिथे रंगाचं कलम करारातच असेल, तर सही करण्याआधी घासाघीस करावी. नंतरचा वाद म्हणजे वरातीमागून घोडं.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही,’ असं एजंटही छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. कसूर केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा करारच नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. म्हणजे नोंदणीचे पैसे वाचवणारा मालक आपलीच बाजू लंगडी करून घेतो.

‘घर माझं, मी कधीही येईन,’ हेही चालत नाही. मालकाला पाहणीचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि सोयीच्या वेळी.

राहिली ओल. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच कोपऱ्यांचे फोटो पुन्हा काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत. पाणी बाहेरच्या भिंतीतून आलं की न्हाणीघरातल्या गळक्या नळातून, हे तेव्हा प्लंबरला दाखवता येतं. मे महिन्यात ती भिंत पुन्हा कोरडी झालेली असते.