वीरगळात जिंकलं कोण?



मारुतीच्या देवळाशेजारी किंवा पाराखाली उभा कोरीव दगड तुम्ही पाहिला असेल. बरेचदा त्याला शेंदूर फासलेला असतो, लोक देव समजून नारळ फोडतात. तो असतो वीरगळ. कन्नडमध्ये वीरगल्लु. कल्लु म्हणजे दगड, हे आमच्या दुधनीच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही, निम्म्या घरांत कन्नडच बोलतात.

वीरगळ वाचायचा खालून वर. मुलं सवयीने वरून सुरू करतात आणि गोंधळतात. सगळ्यात खाली लढाई असते, नाहीतर पडलेला वीर. तिथे गाई कोरल्या असतील तर तो गुरं वाचवताना मेला असं समजायचं. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे.

मुलांचा प्रश्न ठरलेला, "सर, मग जिंकलं कोण?" प्रश्न बरोबर आहे. दगड ते सांगतच नाही! लढाई हरलेली असू शकते, गुरंही गेली असतील. तरी माणूस वरच्या कप्प्यात पोचतो.

आता जंजिऱ्याच्या दरवाजावरचं शिल्प आठवा. वाघासारख्या प्राण्याने पायांत हत्ती पकडलेत, शेपटीतही एक गुंडाळलाय. इथे जिंकलेला मोठा, हरलेला चिमुकला. हत्ती खरा केवढा असतो ते मुलांना माहीत असतं, म्हणून ती हसतात. पण मोठ्या सत्तेला आम्ही असं लोळवतो, हे येणाऱ्याला दारातच सांगायचं होतं. ग्रीकांची विजयदेवता नायकी पंख लावून येते, जिंकलेल्याला हार घालते. आपल्या अप्सरांना पंख नसतात, आणि त्या येतात मेलेल्यासाठी. मला हा फरक फार मोठा वाटतो.

वर्गात दोन्ही चित्रं शेजारी लावा आणि "यात हरलेला कुठे आहे?" एवढंच विचारा. जंजिऱ्यात बोट लगेच हत्तीवर जातं. वीरगळावर ते खालच्या कप्प्यापाशी अडतं, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. गावात वीरगळ असेल तर मुलांना घेऊन जा. फक्त अक्षरं-चित्रं नीट दिसावीत म्हणून दगड खडूने रंगवू नका, घासूही नका. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम आपोआप उठून दिसतं.