गुर्जर : नाव एक, कुळे अनेक

गुर्जर हे नाव कधी लोकांचे असते, कधी प्रदेशाचे, तर कधी राज्याचे. या तिन्हींची गल्लत झाली की वाद माजतो. म्हणून आधी पुरावा पाहू.

बाणभट्टाच्या हर्षचरितात ठाणेश्वरच्या प्रभाकरवर्धनाच्या शत्रूंत गुर्जर आहेत. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीपुढे नमलेल्यांत लाट व मालव यांच्यासह गुर्जरही येतात. त्याच शतकात ह्युएन-त्संगाने गुर्जर राज्याची नोंद केली. त्याची राजधानी म्हणजे राजस्थानातील भिनमाळ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे लोक बाहेरून आले, असे दे. रा. भांडारकरांचे मत होते. चिंतामणराव वैद्यांनी ते नाकारले. हा वाद मिटलेला नाही.

आता कुळांकडे वळू. चेची, कसाणा, खटाणा, भाटी, नागर, बैंसला ही त्यांपैकी काही गोत्रे. हिंदू गुर्जरांत सगोत्र सोयरीक होत नाही. चेची, कसाणा, खटाणा ही नावे उत्तर हिंदुस्थानातील हिंदू शेतकऱ्यांत आढळतात, तशीच जम्मू-काश्मीरच्या मुसलमान गुज्जरांतही आढळतात. त्या गुज्जरांची गोजरी बोली राजस्थानीला जवळची आहे. मुलूख बदलला, धर्म बदलला, तरी कुळाचे नाव आणि बोली टिकली.

परंतु नावावरून वंश ठरवताना जपले पाहिजे. कसाणा म्हणजेच कुशाण, असे सांगितले जाते. पण उच्चाराचे साम्य हा पुरावा नव्हे. आपले सरनौबत प्रतापराव गुजर १६७४ साली नेसरीला पडले. खानदेशातही गुजर समाज आहे. एवढ्यावरून सर्वांचे मूळ एक ठरत नाही. गिरणीच्या हजेरीपटावर एकाच आडनावाची पाच माणसे पाच मुलखांतली असू शकतात.

हा काथ्याकूट कशासाठी? नावावर पोट अवलंबून असते म्हणून. जम्मू-काश्मीरच्या गुज्जरांना १९९१ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. राजस्थानच्या गुर्जरांनी तोच दर्जा मागितला, तेव्हा २००७ व २००८ साली आंदोलने पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेक माणसे मेली. पुढे २०२१ साली दादरीला मिहिरभोज राजाच्या पुतळ्यावरील ‘गुर्जर’ या शब्दावरून गुर्जर व राजपूत यांच्यात तंटा झाला.

राजा कोणाचा, हे इतिहाससंशोधकांनी पुराव्यानिशी तपासावे. मात्र गुराख्याच्या मुलाला शाळा आणि शेतकऱ्याच्या मुलाला काम मिळण्याचा हक्क कोणत्याही राजाच्या वंशावळीवर टांगून ठेवता कामा नये. तो त्यांच्या आजच्या गरजेवरच ठरला पाहिजे.