केळी शंभर, जीव एक

शंभर केळ्यांना एक जीव, हा भाव रावेर-यावलच्या कुठल्याही व्यापाऱ्यानं काढलेला नाही. तो १९९४च्या 'डाँकी काँग कंट्री' या गेममधला आहे. गोरिलानं शंभर केळी वेचली, म्हणजे आठ डझन आणि वर चार, की त्याला एक जीव जादा मिळतो. त्याच्या दोन वर्षं आधी 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये दुसऱ्याची गाडी घसरवायला केळीची साल टाकायची सोय झाली होती. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ साली. जपान्यांनी नुसत्या सालीची किंमत चोवीस वर्षं आधीच ओळखली होती!

आता त्याच जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबादची मे महिन्यातली दुपार घ्या. पारा पंचेचाळीसवर, गल्ली ओस, कूलरसमोर चार पोरं आणि चार मोबाइल. आतून आई तिसऱ्यांदा ओरडते, "बट्टी निवली रे!" उत्तर ठरलेलं, "आलो, हा शेवटचा डाव." तो शेवटचा कधीच नसतो, आणि दोष पोराचा कमी, हरण्याच्या पद्धतीचा जास्त. दणकून हरलेला माणूस उठून जातो, थोडक्यात हुकलेला बसून राहतो. २००९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लोकांना स्लॉट मशीनसारखा खेळ देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. डाव थोडक्यात हुकला की मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे भागच जागे होताना दिसले. आखाजीला पत्ते कुटणाऱ्या आमच्या काकांना हे स्कॅनिंगवाचून ठाऊक आहे.

पत्त्यांवरून आठवलं. रिचर्ड बार्टल नावाच्या इंग्रज गृहस्थानं १९९६ साली खेळाडूंची वर्गवारी केली, ती चक्क पत्त्यांच्या रंगांत. चौकट म्हणजे माल गोळा करणारे: नाणी, गुण, लेव्हल. इस्पिक म्हणजे खणणारे. इंग्रजीत इस्पिकाला फावड्याचंच नाव आहे. बदामवाले माणसांसाठी येतात आणि किलवरवाले सोटा घेऊन, दुसऱ्याला हाणायला. (किलवरचं इंग्रजी नाव म्हणजे सोटाच.)

कूलरसमोरची चौकडी या हिशेबानं बघा. बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ चालू आहे. एक जण बंदूक, हेल्मेट, औषधं गोळा करून पिशवी फुगवतोय आणि ती न वापरताच मरतोय: चौकट. दुसऱ्याला नकाशातलं प्रत्येक घर आतून बघायचंय, गोळीबार गेला चुलीत: इस्पिक. तिसरा विमानातून उतरल्या उतरल्या धडाधड गोळ्या झाडतो: किलवर. चौथ्याला नेम लागत नाही, पळता येत नाही, पण माइक अखंड चालू, "कुठंय भो? थांब ना भो, आलो!" तो बदाम. शेजारी बसलेल्याशीही तो माइकवरूनच बोलतो. २ सप्टेंबर २०२०ला पब्जीवर बंदी आली तेव्हा चौकटवाल्याला गोळा केलेल्या मालाचं दुःख झालं, बदामवाल्याला मित्रांचं. जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय हे नवं नाव लावून आला आणि दोघंही परतले.

आमच्या पिढीचा गेम टीव्हीला जोडायचा असे. कॅसेटवर '९९९९ गेम' छापलेलं, आत मोजून वीस-पंचवीस, बाकी तेच ते फिरून. गेम अडकला की कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकरीनं काही होत नव्हतं, उलट तोंडाची वाफ धातूच्या पट्ट्यांना गंजवायची. काम करायचं ते कॅसेट काढून परत घालणं. पण फुंकर न मारता कॅसेट घालणारा पोरगा मी अजून पाहिलेला नाही.

बदकं मारायची बंदूक तर आणखी फसवी. आजी म्हणायची, काच फुटेल. त्या बंदुकीतून काहीच सुटत नसे, उलट तीच बघत असे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीला तो उजेड दिसला, की बदक पडलं. आजच्या सपाट टीव्हीवर तो उजेड क्षणभर उशिरा उमटतो, म्हणूनच ती तिथं चालत नाही. नेम चुकल्यावर खिदळणारं कुत्रं मात्र घरच्या गेममध्ये कुणालाच मारता आलं नाही, आणि पोरं पुन्हा पुन्हा बसायची ती बदकांपेक्षा त्या कुत्र्याच्या रागानं.

गंमत अशी, की गेममधल्या बऱ्याच खुब्या मशीनच्या गरिबीतून आल्या. मारिओला मिशी आहे कारण इवल्याशा ठिपक्यांत तोंड काढता येईना. टोपी आहे कारण केस जमेनात. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात धावतात. मशीनला सगळ्यांचा भार झेपत नव्हता म्हणून आधी ते रेंगाळायचे. पंगतीत चारच पाहुणे उरले की वाढप्याचा हात कसा झपझप चालतो, तसं. निर्मात्यानं ही चूक दुरुस्त केली नाही, ठेवून दिली. छातीत धडधड तिथूनच सुरू झाली.

'काँट्रा'तले तीस जीव देणारी वर-वर-खाली-खाली ही किल्लीही अशीच चुकून राहिलेली. १९८६ साली 'ग्रेडियस' तपासताना काझुहिसा हाशिमोतोंना तो स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी ही चोरवाट केली आणि बुजवायची विसरले.

सगळ्यात चिवट मात्र 'टेट्रिस'. १९८४, मॉस्को, अलेक्सी पाझितनोव्ह. गोष्ट नाही, माणूस नाही, नुसत्या विटा. रचलेली ओळ नाहीशी होते आणि चुकलेली डोळ्यांसमोर राहते, गवंड्याच्या नशिबासारखी. २०००च्या सुमारास हार्वर्डमध्ये स्मृती गेलेल्या रुग्णांना हा गेम खेळायला दिला. आपण खेळलो हे त्यांना आठवेना, पण झोप लागताना त्यांतल्या काहींच्या डोळ्यांपुढे विटा पडतच होत्या.

हा गेम माणसाला संपत नाही, असंच सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या पोरानं जुन्या निन्टेन्डोवर तो १५७व्या लेव्हलपर्यंत नेला आणि मशीनच गोठलं. जगानं म्हटलं, पोरगा जिंकला.

मशीन बंद पडणं म्हणजे जिंकणं असेल, तर लोडशेडिंगच्या काळात आम्ही नशिराबादला रोज दुपारी जिंकत होतो.