हृदयाचा पाट

कर्जत तालुक्यातील कडाव हे भातशेतीचे गाव. पाटात गाळ साचला की पुढील खाचरे कोरडी पडतात, हे तेथील शेतकरी जाणतो. मानवी हृदयाचेही तसेच आहे. मुठीएवढे हे इंद्रिय दिवसातून सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या स्नायूंना रक्त पोचवणाऱ्या रोहिण्यांत चरबीचे थर जमतात. एखादा थर फुटून तेथे रक्ताची गुठळी झाली की वाट बंद होते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

१९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, रक्तातील चरबी व धूम्रपान हे हृदयाचे वैरी आहेत, असे तीवरून कळले. पुढे ५२ देशांतील रुग्णांच्या अभ्यासातून दिसले की, भारत व शेजारील देशांत पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. तंबाखू चघळणेही घातकच ठरले.

आज गुठळी विरघळवणारी औषधे आहेत. फुग्याने रोहिणी रुंद करून तीत जाळीची नळीही बसवता येते. परंतु वेळ दवडल्यास हृदयाचे स्नायू मरत जातात. छातीत दडपण, घाम, हातात कळ अशी लक्षणे असूनही पुष्कळजण ते पित्त समजून सकाळची वाट पाहतात. अशा वेळी रोग्याला चालू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाट तुंबला तर शेतकरी मध्यरात्रीही कुदळ घेऊन निघतो. हृदयाच्या पाटासाठीही तीच तत्परता हवी.