एषणांचा क्रम आणि वैद्याचा दिवस

हिंगोली–नांदेड मार्गावरील आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांतून बाजाराच्या दिवशी येणारी मंडळी आधी आडतीवर जातात, मग कापडाच्या आणि किराण्याच्या दुकानांत, आणि सर्वांत शेवटी दवाखान्यात येतात. त्या वेळी गाडीवाला बाहेर भोंगा वाजवीत असतो. "डॉक्टरसाहेब, आमची गाडी निघाली, तेवढं लवकर बघा," हे वाक्य ग्रामीण भागातील प्रत्येक वैद्यबंधूच्या परिचयाचे आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हळद काढणे, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे यांची धांदल उडाली की रुग्णालाही उसंत नसते आणि वैद्यालाही.

प्रस्तुत लेखात रुग्णांविषयी थोडे आणि वैद्याविषयी अधिक लिहावयाचे आहे. सकाळी उघडलेला दवाखाना दुपारी चारपर्यंत चालतो. भूक मारली जाते, तहान विसरली जाते, बाकावर वीस माणसे बसलेली असताना लघुशंकेस उठणेही संकोचाचे वाटते. रात्री जेवण उशिरा, आणि निजावयास जावे तोच भ्रमणध्वनी वाजतो. दिवसभर इतरांना दिनचर्या सांगणाऱ्या माणसाची ही चर्या आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात जे 13 वेग अधारणीय म्हणून सांगितले आहेत, त्यांत क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि मूत्रवेग आहेतच. त्याच अध्यायात पुढे लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या हे धारणीय वेग येतात. आमचा व्यवहार नेमका उलटा झाला आहे. आवरू नये ते आम्ही आवरून धरतो, आणि सायंकाळी शेवटच्या रुग्णावर जो चढा आवाज निघतो तो मात्र मोकळा सोडतो.

यावर उपाय म्हणून 'श्रद्धा ठेवा, मन शांत होईल' असे सांगणे सोपे आहे. परंतु शास्त्र इतके सैल बोलत नाही. सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय, तिस्रैषणीय, आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणा त्यात सांगितल्या आहेत, आणि सांगताना क्रमही लावून दिला आहे. आधी प्राण, कारण तो गेल्यास सारेच गेले. मग धन, कारण साधनांवाचून दीर्घायुष्य ही शिक्षाच. परलोक तिसरा. धनाला कमी लेखणारा हा ग्रंथ नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. तिसऱ्या एषणेविषयी मनुष्याच्या मनात संशय असतो हेही आचार्य प्रांजळपणे मान्य करतात, आणि आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चारही प्रमाणांनी त्याची परीक्षा मांडतात. श्रद्धेला परीक्षेच्या कसोटीवर उभे करणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. त्याच अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय ही त्रिविध चिकित्सा येते, हा योगायोग नसावा. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणे. त्याची मात्रा कोणत्याही कंपनीच्या बाटलीत मिळत नाही, म्हणून बहुधा आपण ती लिहून देत नाही.

आपल्या जिल्ह्याला या विषयाचे एक जिवंत उदाहरण लाभले आहे. नर्सी नामदेव हे कयाधूकाठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाते. हिंगोलीच्या हळद बाजाराला त्यांचेच नाव दिले आहे, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट म्हणावी लागेल. नामदेव शिंप्याच्या घरातले, चार मुलांचे वडील. देवळात दंग झालेल्या या मुलाविषयी माता गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तक्रारी संतसाहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. घरात धान्य नसताना भजन, हा तंटा सात शतके जुना आहे आणि राजाईची बाजू मला कधीच लहान वाटली नाही. पुढे संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने पारख केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, अशी कथा आहे. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा तेथे शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले होते. 'देव नाही अशा जागी माझे पाय ठेव' म्हणताच नामदेवांना तशी जागा सापडेना. ही कथा वैद्याच्या फार उपयोगाची आहे. देव देवळातच भेटत असेल तर दवाखान्याचे बारा तास वायाच गेले म्हणावयाचे! तो बाकावरच्या विसाव्या रुग्णातही असेल, तर त्या रुग्णाकडे घड्याळ पाहत पाहणे शक्य होत नाही.

नामस्मरणाचा शरीरावरील परिणाम हा केवळ भाविकांचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 साली ध्यानजपातून येणाऱ्या शिथिलतेवर ग्रंथ लिहिला. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा 23 निरोगी व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिन जपमाळ म्हणा किंवा बौद्ध मंत्र, श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदयगती व रक्तदाब यांचे नियमन सुधारते, असे त्यात आढळले. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठे दावे उभारू नयेत. तरी टाळाच्या ठेक्यावर हरिपाठ म्हणणाऱ्या दिंडीकडे वैद्याने एकदा श्वास मोजण्याच्या दृष्टीने पाहावे.

दुसरी बाजूही स्पष्टच लिहितो. एकादशीला मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर निराहार राहिलेला रुग्ण घामाघूम होऊन, भान हरपून आणला जातो. आषाढीच्या वाटेवर रक्तदाबाची औषधे घरीच विसरतात. नवस बोलून क्षयाचे औषध मध्येच सोडणारे तर सर्वांनी पाहिले असतील. दैवव्यपाश्रयाने युक्तिव्यपाश्रयाची जागा घ्यावी असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही. उपवासाच्या आदल्या भेटीतच 'उद्या काय घेणार, केव्हा घेणार' हे विचारावे, गरज पडल्यास गोळीची मात्रा बदलून द्यावी. श्रद्धेची थट्टा केली तर रुग्ण पुढच्या वेळी उपवास लपवितो, आणि ते अधिक धोक्याचे.

या भागातील एका व्यवसायबंधूंनी दवाखान्याच्या दारावर वेळ लिहून ठेवली आहे. सायंकाळी सात ते साडेसात बंद, सर्पदंश, प्रसूती आणि अपघात यांखेरीज. त्या अर्ध्या तासात ते पाय धुतात, देवापुढे बसतात, पाणी पितात आणि बायको-मुलांशी दोन शब्द बोलतात. पहिले दोन महिने गावाने नाके मुरडली. उत्पन्न घटेल अशी घरच्यांनाही धास्ती होती, आणि काही दिवस ते घटलेही. आता बाजाराच्या दिवशी गाडीवालेच प्रवाशांना सांगतात, "साहेबाकडं जायचं तर साताच्या आत जा, नाही तर मग साडेसातला. मी थांबतो तोवर."